कल्पित सैन्याचा दारूगोळा कसा रचावा: नवख्या लेखकांसाठी पायऱ्या

अद्भुतकथेत स्फोटक शस्त्र आणलं की एक प्रश्न कायम मागे लागतो. तिसऱ्या प्रकरणात ज्या गोळ्याने पूल उडाला, तो दहाव्या प्रकरणात किल्ल्याच्या दरवाजापाशी का नव्हता? लेखकाकडे उत्तर नसेल तर वाचकाचा त्या जगावरचा विश्वास उडतो, आणि मग कितीही मोठा धमाका लिहिला तरी त्याला काही वाटत नाही. म्हणून शस्त्राच्या ताकदीआधी त्याचं ओझं ठरवावं: ते कुठून येतं, कोण वाहतं, कुठे साठवतात, कशाने बिघडतं. ही मांडणी कादंबरी, चित्रकथा आणि खेळ, तिन्हींना चालते.

खऱ्या स्फोटकांची कृती कुठेच लागत नाही. कल्पित पदार्थच घ्यावा. त्याचे नियम आपल्या हातात राहतात आणि त्या नियमांतूनच कथानक निघतं. पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे, ‘नादखडा’ या कल्पित दगडाचं. आपला पदार्थ वेगळा असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

पायरी १: पदार्थाचे चार नियम लिहा

कागदावर चार प्रश्न लिहा: हा पदार्थ कशाने जागतो, कशाने निजतो, कशाने बिघडतो, आणि एक फुटला की शेजारच्याचं काय होतं? प्रत्येकाचं उत्तर एकदोन वाक्यांत बसलं पाहिजे. बसत नसेल तर नियम अजून पक्का झालेला नाही.

नादखड्याची उत्तरं अशी. खाणीतून मोठी शिळा निघते आणि तिचे तुकडे करतात. एका शिळेचे सगळे तुकडे म्हणजे एक कूळ, आणि प्रत्येक कुळाचा सूर वेगळा. आपल्या कुळाचा सूर सलग दोन अंक मोजेपर्यंत कानी पडला की उघडा खडा फुटतो. मेण आणि लोकर यांत गुंडाळला की तो निजतो. दमट हवेत त्याचा सूर खाली उतरतो, तडा गेला की सूरच हरवतो. फुटताना खडा स्वतःचा सूर इतक्या जोरात सोडतो की त्याच कुळाचा उघडा खडा शंभर पावलांवरूनही लगेच जागतो. गुंडाळलेला दहा पावलांच्या आत असेल तरच. परक्या कुळाचे खडे धक्क्याने फुटत नाहीत, त्यांची निकामी भुकटी होते.

चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवा. नवखे लेखक बहुधा तोच सोडतात. पण सैनिकांनी एकमेकांपासून किती दूर उभं राहायचं, कोठार कसं बांधायचं, काफिला किती लांब होईल, हे सगळं त्याच उत्तरावर ठरतं.

पायरी २: मापं आणि पल्ला

स्फोटाचा एक साधा हिशेब आहे. मोकळ्या जागेत तेवढ्याच जोराचा धक्का दुप्पट अंतरावर पोचवायचा असेल तर स्फोटक आठपट लागतं. हा हिशेब कल्पित जगातही पाळावा. वाचकाला सूत्र ठाऊक नसलं तरी प्रमाण चुकलं की खटकतं.

म्हणून मापं आठच्या पटीत ठेवणं सोयीचं. नादखड्याची मूठ २५० ग्रॅमची. तिच्या चार पावलांच्या आत उभा माणूस वाचत नाही. आठ मुठींची घागर, २ किलोची, पल्ला आठ पावलं. आठ घागरींचा रांजण, १६ किलोचा, सोळा पावलं. आठ रांजणांची कोठी, १२८ किलोची, बत्तीस पावलं. पाऊल पाऊण मीटरचं धरा आणि पूर्ण पुस्तकात तेच ठेवा.

यातून युद्धनीतीचा एक नियम आपोआप निघतो. एका घागरीने जेवढी जमीन झोडपली जाते त्याच्या दुप्पट जमीन त्याच वजनाच्या आठ सुट्या मुठी झोडपतात. म्हणून माणसांविरुद्ध लहान आणि पुष्कळ. तटबंदीविरुद्ध मात्र एकाच जागी मोठा साठा. आपल्या सेनापतीने उलट केलं तर त्याला तसं कारण द्या.

पायरी ३: ओझ्याचा हिशेब

इथे कंटाळा करू नका. अर्ध्या तासाच्या बेरजेत निम्मं कथानक सापडतं.

समजा, आपल्या फौजेत ३०० फेकणारे आहेत आणि लढाईच्या दिवशी प्रत्येकाला चार मुठी लागतात. म्हणजे १२०० मुठी, ३०० किलो. मेण, लोकर आणि पेट्या यांचं वजन जवळजवळ तेवढंच धरा: ६०० किलो. एक खेचर डोंगरवाटेने ८० किलोच्या आसपास वाहतं, म्हणजे एका दिवसाच्या लढाईला आठ खेचरं. वीस दिवसांच्या वेढ्याला ६००० किलो खडे, पेट्यांसह १२ टन, १५० खेचरं.

आता पल्ल्याचा हिशेब जोडा. एका खेचरावर ४० किलो खडे, म्हणजे १६० मुठी. आठपट वजनाला दुप्पट पल्ला, म्हणजे पल्ला वजनाच्या घनमुळाने वाढतो; १६० चं घनमूळ साधारण साडेपाच. त्याला चारने गुणलं की बावीस पावलं. एक खेचर गेलं तरी पुढचं वाचावं म्हणून दोघांत २५ पावलं अंतर हवं. १५० खेचरांचा काफिला मग ३७५० पावलांचा, जवळजवळ पावणेतीन किलोमीटरचा होतो. तो खिंडीतून जाताना त्याचं रक्षण कसं करणार? शत्रूच्या हेरांनी हाच विचार केलेला असणार.

चारा विसरू नका. खेचराला रोज आठ-दहा किलो दाणा-वैरण लागते. वाटेत चरायला नसेल तर ती वाहायला आणखी खेचरं. आणि खाणीचं वार्षिक उत्पादन ठरवा. ते आठ टन ठेवलं तर एक वेढा वर्षाचा तीन-चतुर्थांश साठा खातो. दहाव्या प्रकरणात दरवाजापाशी गोळा का नव्हता, याचं उत्तर इथे मिळतं.

पायरी ४: शस्त्रं

चारपेक्षा जास्त प्रकार करू नयेत. प्रत्येकाला वेगळी कवायत, वेगळे कारागीर आणि वेगळा बिघाड द्यावा लागतो.

*हातगोळा.* सतराव्या शतकातल्या युरोपीय फौजांत हातगोळे फेकायला मुद्दाम उंच आणि दणकट माणसं निवडत, कारण ओतीव लोखंडाचा गोळा जड असे आणि फार लांब जात नसे. आपली मूठ हलकी आहे, तिला ३० पावलं पल्ला द्या. फेकणारा वेष्टन सोलतो, फेकतो, आणि मागे उभा असलेला शिंगवाला कुळाचा सूर धरतो. शिंगाचा सूर खड्याला जागवतो तो ४० पावलांपर्यंत. एक खडा फुटला की त्याच्या आवाजाने बाकी फेकलेले सगळे एकदमच फुटतात, म्हणून ही फैर असते, सुटी फेक नसते. ज्याच्या हातात त्या क्षणी सोललेला खडा उरला, तो मेला.

*बाण.* धनुष्याचा नव्हे, अग्निबाण म्हणजे रॉकेट. एका नळीत जळतं मिश्रण, मागे बांबू किंवा पातं. म्हैसूरच्या सैन्याचे बाण लोखंडी नळीचे होते, म्हणून ते कागदी-बांबूच्या नळ्यांपेक्षा जास्त दाब सोसत आणि लांब जात. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडाल्या आणि त्यांचा सेनानी कर्नल बेली याच्या तुकडीचा कणा मोडला. बाण नेम धरून एक माणूस टिपत नाही; तो घोडे बुजवतो, रांगा विस्कटतो, साठ्याला आग लावतो. कल्पित बाणालाही हेच काम द्या.

*फेकयंत्राचा गोळा.* दोनशे पावलांवर शिंग पोचत नाही, तेव्हा गोळ्याच्या पोटात स्वतःची घंटा हवी. मातीच्या कवचात एक घागर खडे, मधोमध पितळी घंटा, तिची लोळी काचेच्या कांडीने अडवलेली. गोळा आपटला की कांडी मोडते, लोळी सुटते, घंटा दोन अंक वाजते. चिखलात किंवा गवताच्या गंजीवर पडला तर कांडी मोडत नाही, किंवा घंटेत चिखल भरून तिचा नाद बसतो. पावसाळी मोहिमेत पाचातले दोन मुके राहतात असं ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

*सुरुंग.* नाट्य सर्वांत जास्त यात आहे, कारण हे शस्त्र हळू चालतं. खणण्याचा वेग ठरवताना खरा दाखला घ्या. अमेरिकी यादवी युद्धात १८६४ साली पीटर्सबर्गच्या वेढ्यात पेनसिल्वेनियाच्या कोळसा-खाणकामगारांनी दीडशे मीटरहून लांब भुयार साधारण तीन आठवड्यांत खणलं, म्हणजे दिवसाला सातेक मीटर. ती मुरलेली माणसं होती. साध्या शिपायांना तीन मीटर द्या, खडकात अर्धा. ३० जुलैच्या पहाटे त्या भुयारातली वात मधेच विझली. दोघांना आत जाऊन ती पुन्हा पेटवावी लागली. स्फोट प्रचंड झाला, पण हल्ला करणारे शिपाई खड्ड्याच्या कडेने जाण्याऐवजी खड्ड्यातच उतरले आणि तिथे अडकून मारले गेले. दारू चोख होती. चुकलं ते पुढच्या शंभर पावलांचं नियोजन.

दुसरा दाखला चितोडचा. १५६७-६८ च्या वेढ्यात अकबराच्या सैन्याने तटाखाली दोन सुरुंग भरले. पहिला उडताच सैनिक खिंडाराकडे धावले, आणि तेवढ्यात उशिरा पेटलेला दुसरा त्यांच्याच अंगावर उडाला. नादखड्याच्या जगात हाच प्रसंग कसा घडेल? दोन भुयारांत दोन कुळं भरलेली, एकाचा सूर रात्रीच्या दमट हवेने उतरलेला. शिंगवाला वाजवतो, पहिला उडतो, दुसरा गप्प. तो सूर थोडा खाली आणून पुन्हा वाजवतो, आणि त्याला पुढचं काही दिसत नसतं.

पायरी ५: माणसं आणि कवायत

दहा जणांचा एक जथा करा: सहा फेकणारे, एक शिंगवाला, एक सूरपारखी, एक पेटीवाला, एक नाईक. सूरपारखी हे पद जरूर ठेवा. त्याच्याकडे कुळाचे गव्हाएवढे कण असतात. रोज पहाटे तो एक कण दूर ठेवून शिंगाचा सूर थोडाथोडा उतरवत जातो. ज्या सुरावर कण फुटतो तो त्या दिवसाचा सूर. हवा बदलली की दुपारी पुन्हा. ही चाचणी चुकली तर अख्खी फैर मुकी.

कवायतीचे हुकूम पाच: ‘जागा’, ‘सोल’, ‘फेक’, ‘खाली’, ‘सूर’. क्रम कधीच बदलत नाही. ‘फेक’नंतर नाईक सगळ्यांचे रिकामे हात पाहतो आणि मगच ‘सूर’ म्हणतो. घाईच्या लढाईत हीच पायरी गाळली जाते, आणि अपघात तिथेच होतो.

फेकणाऱ्यांत बारा पावलं अंतर हवं. कारण चौथ्या नियमात आहे: कुणाची फेक तोकडी पडून खडा जवळ फुटला तर दहा पावलांच्या आतली गुंडाळलेली पिशवीही जाते. बारा पावलांवरचा साथी त्या साखळीतून सुटतो. पण रांग इतकी विरळ झाली की घोडेस्वार तिच्यातून सरळ आत घुसतात. म्हणजे मधे भालाईत हवेत, आणि भालाइतांना माहीत असतं की आपण पेटीशेजारी उभे आहोत. त्यांचं आणि फेकणाऱ्यांचं पटत नाही. फौजेतली अशी कुरबुर नियमातून निघाली की खरी वाटते.

पायरी ६: कोठार

दारूचं कोठार शहराला शत्रूइतकंच घातक असतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १२ ऑक्टोबर १६५४ रोजी दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. चित्रकार कारेल फाब्रिशियस त्यात मारला गेला. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये तुर्कांनी दारू साठवली होती. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या तोफगोळ्याने ती पेटली आणि दोन हजार वर्षं उभी राहिलेली वास्तू फुटली. सुरक्षित वाटणारी भक्कम इमारत साठ्यासाठी निवडली जाते, आणि तीच जाते.

नादखड्याच्या कोठारात एक सुंदर पेच आहे. साठवताना प्रत्येक तळघरात एका कुळाची एकच पेटी असावी, म्हणजे एक पेटी गेली तर बाकीची निदान फुटत नाहीत. रणांगणावर मात्र उलट हवं: एका जथ्याकडे एकच कूळ, एका शिंगाला सगळे खडे जागे. म्हणून मोहिमेआधी बारा तळघरांतून एका कुळाच्या बारा पेट्या गोळा कराव्या लागतात. याला दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत सगळं एका अंगणात पडलेलं असतं. घातपात घडवायचा असेल तर हीच वेळ.

तळघरांची जाड मातीची भिंत, हलकं छप्पर (धक्का वर निघून जावा म्हणून), दोन दारं, आत लोकरीचे जोडे. कोठाराच्या आसपास देवळात घंटा नाही, लग्नात सनई नाही, रात्री अंगाई हळू आवाजात. अशा मोहल्ल्यात वाढलेलं मूल गाणं कसं शिकेल, हा प्रश्न एका पानाला पुरतो.

पायरी ७: बिघाडांची वही

प्रत्येक बिघाडाला कारण, आधी दिसणारी खूण आणि उपाय लिहा. खूण सर्वांत महत्त्वाची. ती वाचकाला आधी दाखवलेली असेल तरच अपघात न्याय्य वाटतो.

दमट हवेत सूर उतरतो; खूण म्हणजे वेष्टनावर दव; उपाय पुन्हा कणचाचणी. खेचर घसरून पेटी आपटली तर खड्यांना तडे जातात. खूण म्हणजे पेटी हलवल्यावर वाळूसारखी खसखस. असे खडे बाजूला काढतात, पण कमतरता असली की कुणी काढत नाही. उन्हात मेण वितळतं आणि लोकर सुटते, म्हणून काफिला भर दुपारी थांबतो. दोन कुळांचे सूर फार जवळचे असतील तर दमटपणाने एकाचा सूर उतरून दुसऱ्यावर येतो. ही चूक दिसत नाही, म्हणून कुळांची नोंदवही ठेवणारा कारकून सेनापतीइतकाच मोलाचा माणूस आहे.

आणि मुके राहिलेले खडे. लढाई संपते, सैन्य निघून जातं, खडे शेतात राहतात. पुढच्या उन्हाळ्यात माती सुकते, सूर पुन्हा चढतो, आणि कुणीतरी गुराखी पावा वाजवतो. तो खडा कोण शोधणार, त्याचा खर्च कोणतं राज्य उचलणार, कोणत्या तहात ते कलम असणार, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्या जगात शस्त्राचा परिणाम लढाईबरोबर संपतो, ते जग अपुरं आहे.

पायरी ८: शत्रूची तोड

पहिल्या वापरानंतर शत्रू शिकतो. युरोपात तोफा आल्यावर उंच, सडपातळ भिंती टिकेनात, तेव्हा इटलीत ठेंगणे, जाड आणि कोनदार बुरूज बांधायला लागले. १५२२ च्या ऱ्होड्स बेटाच्या वेढ्यात बचाव करणाऱ्यांनी ताणलेल्या चामड्याच्या पडद्यांवरून शत्रूच्या खणण्याची थरथर ओळखली आणि समोरून उलट भुयारं खणली.

नादखड्यावर तोड तीन प्रकारची. हेराकडून कुळाचा सूर मिळवायचा आणि ‘सोल’ व ‘फेक’ यांच्या मधल्या क्षणी स्वतःच तो वाजवायचा. नगारे-झांजांचा गदारोळ करून सूर बुडवायचा. किंवा शिंगवाल्यालाच तिरंदाजाकडून टिपायचं. म्हणून प्रत्येक जथ्यात दुसऱ्या कुणालातरी फुंकता आलं पाहिजे. पहिल्या लढाईत जे शस्त्र दहा गुण चालतं ते तिसऱ्या लढाईत चार गुण चाललं पाहिजे.

पायरी ९: स्फोटाचं दृश्य

आधी उजेड, मग जमिनीचा हादरा, मग आवाज. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या माणसाला तो तीन सेकंदांनी ऐकू येतो. टेकडीवरून पाहणाऱ्या राजाला ही तीन सेकंदं द्या.

जवळच्यांना नंतर ऐकू येत नाही. स्फोटानंतर लगेच लांब संवाद लिहू नका. हातवारे, ओढणं, ओठांची हालचाल एवढंच. मोकळ्या मैदानात बहुतेक जखमा उडालेल्या तुकड्यांच्या असतात, बंद खोलीत धक्का भिंतींवरून परततो आणि जास्त घात करतो. धूळ बसायला वेळ लागतो, तोवर कोण जिवंत आहे हे कुणालाच कळत नाही. नादखड्याच्या जगात बधिर झालेला शिंगवाला हा मोठा धोका: त्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, आणि त्याच्या हातात पुढची फैर आहे.

पायरी १०: मसुद्याची चाचणी

नियमांचा एक पानी कागद अशा मित्राला द्या ज्याने कथा वाचलेली नाही, आणि सांगा: या पदार्थाने तू राज्य कसं जिंकशील? तो अर्ध्या तासात तीन-चार युक्त्या काढेल. प्रत्येक युक्तीसाठी तीनपैकी एक करा. ती नियमाने अशक्य ठरवा, किंवा कुणीतरी ती आधीच केली आणि तिची तोड निघाली असं दाखवा, किंवा सरळ आपल्या खलनायकाला द्या. तिसरा पर्याय बहुधा सर्वांत चांगला. मग मसुद्यातली सगळी स्फोटांची दृश्यं ओळीने काढा आणि प्रत्येकापुढे खडे किती किलो लागले ते लिहा. बेरीज खाणीच्या वार्षिक उत्पादनाच्या पुढे गेली असेल तर एखादा स्फोट कापा, किंवा त्या वर्षी खाणीत नवी शिळा सापडल्याचं चार प्रकरणं आधी पेरा.